‘सोपी’ पाल आणि तिच्या पालनपुस्तिका

विज्ञानाच्या पुस्तकांची परीक्षणं आपण वाचतो. पाठ्यपुस्तकांवर तर दर काही वर्षांनी भरपूर चर्चा होते. पण मुलं कुणी न सांगता, स्वतःच्या आवडीने जे विज्ञान वाचतात, त्याचं परीक्षण सहसा कुणी करत नाही. ‘अमुक प्राणी कसा पाळावा’ हे सांगणाऱ्या पुस्तिका आणि माहितीपत्रकं हा त्यातलाच एक प्रकार. त्यांत शरीरशास्त्र असतं, आहारशास्त्र असतं, आनुवंशिकी असते. शिवाय वाचणारा त्याप्रमाणे लगेच वागणार असतो. वाक्य चुकलं तर त्याची किंमत एक जिवंत प्राणी मोजतो. म्हणूनच हे लेखन जरा बारकाईने तपासावं, असं आम्हाला वाटतं.

नमुना म्हणून आम्ही लेपर्ड गेको या पालीवरच्या पुस्तिका निवडल्या आहेत. अमेरिकेत आणि युरोपात गेली तीसेक वर्षं ही पाल घरोघरी पाळली जाते आणि तिच्यावर विपुल लिहिलं गेलं आहे. ते लेखन इंग्रजीतलं असलं तरी आपल्याकडची मुलं आता ते सहज मिळवून वाचतात. दुसरं असं की, ही पाल मुळात आपल्याच उपखंडातली आहे.

प्राणी कोणता?

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगांतून आलेल्या नमुन्यावरून या जातीचं वर्णन केलं. तो भाग आज पाकिस्तानात आहे. तिचं शास्त्रीय नाव युब्लेफारिस मॅक्युलारियस. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागात ती राहते. पूर्ण वाढलेली पाल वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांब असते. पिवळसर अंगावर काळे ठिपके असतात, म्हणून नावात ‘लेपर्ड’, म्हणजे बिबट्या.

आपल्या ट्यूबलाइटजवळच्या पालीशी तिची तुलना केली की दोन फरक चटकन दिसतात. घरातल्या पालीला हलणाऱ्या पापण्या नसतात. ती डोळ्यांवरून जीभ फिरवून ते स्वच्छ ठेवते. लेपर्ड गेको मात्र पापण्या मिटते. घरातली पाल बोटांखालच्या गाद्यांमुळे भिंतीवर चढते. लेपर्ड गेकोला त्या गाद्या नाहीत, नखं आहेत. त्यामुळे ती काचेवर चढू शकत नाही आणि उघड्या पेटीतही राहते. तिसरी गोष्ट म्हणजे तिची जाड शेपटी. तीत चरबीचा साठा असतो आणि त्यावर ती बरेच दिवस अन्नावाचून काढू शकते.

पुस्तिकांचं श्रेय

आधी या पुस्तिकांच्या जमेच्या बाजूबद्दल. हे लेखन बहुतांशी हौशी लोकांनी केलेलं आहे आणि त्यांनी अनेक गोष्टी नेमक्या हेरल्या. पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं थंड ठेवावं, हा सल्ला जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत असतो. उबदार टोकाच्या जमिनीचं तापमान एकतीस-बत्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास, तर थंड टोकाचं पंचवीसच्या आसपास ठेवायला सांगतात. पालीला शरीराचं तापमान आतून राखता येत नाही. ती जागा बदलून ते राखते. संपूर्ण पेटी एकाच तापमानाला ठेवली, तर ते तापमान कितीही ‘योग्य’ असलं तरी पालीच्या हातून निवड काढून घेतल्यासारखं होतं.

ओलसर शेवाळ घातलेली एक लपायची जागा ठेवावी, हाही चांगला सल्ला. कात टाकताना हवा फार कोरडी असली तर बोटांवर जुन्या कातडीची कडी राहतात. ती आवळत जातात, रक्तपुरवठा तुटतो आणि बोटं गळून पडतात. रातकिड्यांसारख्या कीटकांमध्ये कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो, म्हणून ते कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यावेत, हे तर आहारशास्त्राचं उत्तम उदाहरण. दोन नर एकत्र ठेवू नयेत, उष्णता देणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट जोडावा, हे सल्लेही अनुभवातून आणि बऱ्याचदा प्राण्यांच्या जिवावर शिकून आलेले आहेत.

मग तक्रार कशाबद्दल आहे? या पुस्तिकांमध्ये तीन प्रकारची वाक्यं एकमेकांत मिसळलेली असतात : निसर्गात पाहिलेलं, प्रयोगाने तपासलेलं, आणि ‘आम्ही असं करतो, अजून तरी पाल मेलेली नाही’ या अनुभवावर आधारलेलं. तिन्हींचा सूर मात्र सारखाच ठाम असतो. कोणतं वाक्य कोणत्या जातीचं आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. याची काही उदाहरणं पाहू.

‘निशाचर आहे, म्हणून दिवा नको’

वर्षानुवर्षं पुस्तिकांत एक तर्क छापला जात होता. ही पाल संध्याकाळनंतर बाहेर पडते, म्हणून तिच्यावर सूर्यप्रकाश पडत नाही, म्हणून तिला अतिनील किरणांचा दिवा लागत नाही. ड-३ जीवनसत्त्व भुकटीतून दिलं की झालं.

या तर्काच्या पायऱ्या सुट्या करून पाहा. ‘संध्याकाळनंतर बाहेर पडते’ हे निरीक्षण आहे. ‘म्हणून सूर्यप्रकाश पडत नाही’ हा अंदाज आहे. संधिप्रकाशात थोडे अतिनील किरण असतात आणि दगडाच्या फटीत बसलेल्या पालीच्या अंगाचा एखादा भाग उन्हात असू शकतो. ‘म्हणून तिला त्यांचा उपयोग नाही’ हा तर अंदाजावर रचलेला दुसरा अंदाज. पण ही तिन्ही विधानं एका दमात आल्यामुळे निरीक्षणाचा भक्कमपणा शेवटच्या विधानालाही चिकटला.

पुढे कुणीतरी हे तपासलं. २०१८ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत या पालींना मंद अतिनील-ब किरण दिले गेले, तेव्हा त्यांच्या रक्तातलं ड-३ जीवनसत्त्वाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. म्हणजे निशाचर असूनही तिची त्वचा हे काम करते. जुना निष्कर्ष टिकला नाही.

आता दुसरी बाजू. त्यानंतरच्या काही पुस्तिका सांगू लागल्या की, दिव्याशिवाय ही पाल ठेवणं म्हणजे क्रूरपणाच. पण प्रयोगातून हे सिद्ध होतं का? २०२० च्या प्रयोगात नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे दोन गट होते. किरण मिळालेल्यांच्या रक्तात जीवनसत्त्व जास्त होतं, पण दोन्ही गटांच्या वाढीत फरक दिसला नाही. भुकटीवर वाढलेल्या पालींच्या कित्येक पिढ्याही झालेल्या आहेत. म्हणून प्रामाणिक वाक्य असं होईल : ‘ही पाल अतिनील किरण वापरू शकते. मंद दिवा आणि सावलीची जागा अशी दोन्ही सोय केली, तर निवड तिच्यावर सोडता येईल.’ हे वाक्य आधीच्या दोन्हींपेक्षा कमी ठाम आहे आणि जास्त खरं आहे. विद्यार्थ्यांना दाखवायचा फरक हाच.

छेद नसलेला अपूर्णांक

दुसरं उदाहरण पेटीच्या तळाचं. जुन्या पुस्तिका ‘वाळवंटी प्राणी’ म्हणून वाळू घालायला सांगत. नंतर काही पालींच्या आतड्यात वाळू साठून त्या मेल्याच्या नोंदी आल्या आणि वाळू एकदम निषिद्ध झाली. कागद, फरशी किंवा कृत्रिम चटई घाला, असा सल्ला आला. अलीकडच्या पुस्तिका पुन्हा माती आणि वाळूच्या मिश्रणाकडे वळल्या आहेत, कारण गुळगुळीत फरशीवर पालीला उकरता येत नाही. तीस वर्षांत तीन सल्ले, आणि तिन्ही वेळा आवाज तोच.

मूळ घोटाळा ‘वाळवंटी’ या शब्दात आहे. ही पाल वाळूच्या टेकड्यांवर राहत नाही. दगडधोंडे, कठीण माती, खुरटं गवत आणि खडकांच्या फटी हे तिचं घर. दिवसा ती ज्या फटीत बसते तिथली हवा बाहेरच्यापेक्षा थंड आणि दमट असते. नकाशावरचा प्रदेश कोरडा आहे, यावरून पालीच्या नाकासमोरची हवा कोरडी असेल असं ठरवता येत नाही. भूगोलाच्या शिक्षकांना हा मुद्दा उपयोगी पडेल.

दुसरा घोटाळा गणिताचा आहे. वाळूने आतडं तुंबलेल्या पाली पशुवैद्याकडे जातात. वाळूवर राहून धडधाकट असलेल्या पाली जात नाहीत. त्यामुळे पशुवैद्याला अंश दिसतो, छेद दिसत नाही. शिवाय तुंबलेल्या पालींपैकी किती जणींना कॅल्शियम कमी पडत होतं, किती जणी थंड पेटीत होत्या, हे वेगळं काढल्याशिवाय दोष एकट्या वाळूवर ठेवता येत नाही. यावरून वाळू निर्दोष ठरत नाही. अशा नोंदींवरून धोका किती आहे ते सांगता येत नाही, एवढाच याचा अर्थ. धोका आहे म्हणून सावध राहा, असं पुस्तिकेने जरूर म्हणावं. पण नोंद आणि प्रमाण यांतला फरकही सांगावा.

‘नवशिक्यांसाठी उत्तम’

आमचा मुख्य आक्षेप मात्र एका विशेषणाला आहे. जवळजवळ प्रत्येक पुस्तिका पहिल्याच पानावर या पालीला ‘सोपी’ किंवा ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ म्हणते. कारण विचारलं तर सांगतात, ती चिवट आहे.

चिवट म्हणजे काय? शेपटीत चरबी असल्यामुळे ती उपासमार दीर्घकाळ सोसते. कॅल्शियम कमी पडलं तर ते हाडांतून काढून घेऊन महिनोन् महिने चालवते. पाय वाकडे होऊ लागले, जबडा मऊ पडला, की मगच पाळणाऱ्याच्या लक्षात येतं. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा संसर्ग झाला तर शेपटी हळूहळू बारीक होत काडीसारखी होते. तोवर शेजारच्या पेट्यांपर्यंत संसर्ग पोचलेला असू शकतो, आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. थोडक्यात, जिचे हाल उशिरा दिसतात अशी ही पाल आहे. अनुभवी माणसाला ती वेळेवर कळेल. नवशिक्याला मात्र जे चटकन कळत नाही, तेच त्याच्यासाठी सोपं ठरवलं गेलं आहे. हे विशेषण पालीच्या गरजांचं नाही, पाळणाऱ्याच्या सोयीचं आहे.

‘टिकते’ आणि ‘अंडी घालते’ या दोन कसोट्यांवर पुस्तिकांचं समाधान होतं. पण अंडी घालणं हा सुखाचा पुरावा नाही. अत्यंत दाटीच्या पिंजऱ्यातली कोंबडीही अंडी घालते. ही पाल नुसती बसून असते, तिला काही लागत नाही, ही समजूतही २०१६ साली तपासली गेली. पेटीत उष्णता, खाद्य, वास, वस्तू आणि दृश्य अशा पाच प्रकारांनी वैविध्य आणलं गेलं. पालींनी त्याला प्रतिसाद दिला, आणि उष्णतेत व खाद्य मिळवण्यात सर्वाधिक रस घेतला. म्हणजे ‘बसून राहते’ हे पालीचं वर्णन कमी आणि रिकाम्या पेटीचं जास्त होतं.

आणखी एक गोष्ट बारीक अक्षरांत असते : आयुष्य. पाळलेली लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षं जगू शकते. सातवीतल्या मुलाने हट्टाने घेतलेली पाल त्याच्या लग्नापर्यंत घरात असू शकेल. तोवर रोज तिला जिवंत किडे कोण देणार, हा प्रश्न पहिल्या पानावर यायला हवा.

रंगांची यादी

पुस्तिकांतली सर्वांत आकर्षक पानं रंगांच्या वाणांची असतात. शिकवण्याच्या दृष्टीने इथे फार चांगला मजकूर आहे. काळं रंगद्रव्य नसलेल्या पालींचे तीन स्वतंत्र वंश आहेत. एका वंशातल्या पालीचा दुसऱ्या वंशातल्या पालीशी संकर केला, तर पिल्लं नेहमीच्या रंगाची होतात. याचा अर्थ तिन्ही वंशांत बिघाड वेगवेगळ्या जनुकांत आहे आणि एकीची उणीव दुसरी भरून काढते. मेंडेलच्या वाटाण्यांनंतर वर्गात सांगण्याजोगं हे उदाहरण आहे.

पण याच पानांवर दुखणंही आहे. ‘एनिग्मा’ नावाच्या वाणात रंगासोबत चेतासंस्थेचा दोष येतो. पाल गोल गोल फिरते, मान वाकडी होते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. ‘लेमन फ्रॉस्ट’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१५ साली जन्मलेल्या एका पिल्लापासून हा झळाळत्या पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा वाण सुरू झाला आणि महागात विकला गेला. पुढे या पालींच्या कातडीवर पांढऱ्या गाठी येऊ लागल्या. एका पैदासकाराच्या सहकार्याने कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा शोध घेतला. २०२१ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की, या वाणातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक पालींना सहा महिने ते पाच वर्षं या वयात गाठी होतात, आणि याचा संबंध स्पिंट-१ या जनुकाच्या परिसराशी आहे. त्या गाठी ज्या पेशींच्या आहेत, त्याच प्रकाश परावर्तित करणाऱ्या पेशींमुळे हा रंग खुलतो. म्हणजे ग्राहक ज्यावर भाळत होता, ती त्या पेशींची बेसुमार वाढच होती.

अशा वेळी पुस्तिकेने काय करायला हवं? रंगाच्या चित्राशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, रोगाची नोंद. तळटीपेत ती लपवली तर पुस्तिका आणि जाहिरात यांत फरक उरत नाही.

जे लिहिलंच जात नाही

या पालीने विज्ञानाला किती दिलं, हे पुस्तिकांत क्वचितच असतं. तिच्यात लिंग ठरवणारी गुणसूत्रं नाहीत. अंडी सव्वीस अंशांना उबवली तर जवळजवळ सगळ्या माद्या निघतात, साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर, आणि चौतीसच्या पुढे पुन्हा बहुतेक माद्या. टेक्सास विद्यापीठातल्या डेव्हिड क्रूज यांच्या गटाने दाखवलं की, उबवणीच्या तापमानाचा परिणाम पुढच्या आयुष्यातल्या वागणुकीवरही होतो. नर-बहुल तापमानातून जन्मलेल्या माद्या अधिक आक्रमक असतात. पुस्तिकांत मात्र हे ज्ञान ‘हवं ते लिंग मिळवण्याची युक्ती’ एवढ्यावर संपतं.

शेपटीचंही तसंच. ‘तुटली तरी परत येते, काळजी नको’ असं लिहिलेलं असतं. परत आलेल्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची नळी असते. हे पुनर्जनन समजून घेण्यासाठी कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात याच पालीवर संशोधन होतं. पालीच्या दृष्टीने तुटलेली शेपटी म्हणजे गमावलेलं कोठार. काळजी करायलाच हवी.

आणि मुलांच्या काळजीचं एक वाक्य. निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणावरून अमेरिकेत १९७५ साली लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. पाच वर्षांखालच्या मुलांना असे प्राणी हाताळू देऊ नयेत आणि इतरांनी दर वेळी साबणाने हात धुवावेत, हे वाक्य ‘मुलांना गोड वाटते’ या वाक्याच्या आधी यायला हवं.

वर्गात काय करता येईल?

पाल विकत घेण्याची गरज नाही. कोणत्याही पाळीव प्राण्याची एखादी पुस्तिका घ्या, अगदी शोभेच्या माशांचीही चालेल. मुलांना तीन रंगांच्या पेन्सिली द्या. निसर्गात पाहिलेलं हिरव्याने, प्रयोगाने तपासलेलं निळ्याने, नुसत्या अनुभवाचं लाल रंगाने अधोरेखित करायला सांगा. ज्या वाक्याला कोणताच रंग देता येत नाही त्यासमोर ‘हे कशावरून?’ एवढंच लिहायचं. पान भरत जाईल तसा वर्गात वाद सुरू होईल. तो होऊ द्यावा. अनुभवाची वाक्यं टाकाऊ नसतात हेही त्यातून कळेल. ओलसर लपणाचा सल्ला अनुभवातूनच आला होता. फक्त वाक्याचा रंग कोणता हे ठाऊक असायला हवं.

शेवटी आपल्या दाराशी येऊ. याच पालीच्या सख्ख्या बहिणी महाराष्ट्रात आहेत. युब्लेफारिस फस्कस ही जात महाराष्ट्र आणि गुजरातेत सापडते. सातपुड्यातल्या जातीला तर २०१४ साली, झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केल्यावर, युब्लेफारिस सातपुराएन्सिस हे नाव मिळालं. ठिपके, जाड शेपटी आणि डुलत चालणं पाहून लोक त्यांना विषारी समजतात आणि ठेचून मारतात. भारतातली एकही पाल विषारी नाही. त्यांना पकडून पेटीत ठेवणं हा यावरचा उपाय नव्हे. दिसली तर लांबून पाहावी आणि जाऊ द्यावी, अडचणीत असेल तर वनखात्याला कळवावं.

लेमन फ्रॉस्ट ओळखणाऱ्या मुलाला आपल्या शिवारातल्या दगडाखालची पाल ओळखता आली पाहिजे. तिच्यावरची पुस्तिका अजून लिहायची आहे. ती लिहिताना प्रत्येक वाक्य कशावरून आलं, हे सांगायची सवय पहिल्या पानापासून ठेवता येईल.